चांगुलपणाचे छायाचित्र छापू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या वृत्तपत्राच्या शालेय पानावर अधूनमधून एका ठरावीक साच्यातली बातमी येते. वर्गातली काही मुले एकाला सतत त्रास देत होती, दुसरे एखादे मूल त्याच्या बाजूने उभे राहिले, मग शाळेने त्या मुलाचा सत्कार केला. सोबत छायाचित्र. मधोमध मुख्याध्यापक, एका बाजूला प्रशस्तिपत्र धरलेला ‘छोटा हीरो’ आणि दुसऱ्या बाजूला, मान खाली घातलेला, ज्याला त्रास झाला तो. खाली दोघांची नावे, इयत्ता, तुकडी. बातमी देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. तरीही माझी सगळी नोकरी पाचवी ते सातवीच्या वर्गांवर गेली, त्या भरवशावर सांगते : हे छायाचित्र छापू नये.

आधी त्या मान खाली घातलेल्या मुलाचे पाहू. ज्याला रोज चिडवले जाते त्याची निम्मी शक्ती ते घरी कळू न देण्यात जाते. दप्तराचा बंद तुटला तर तो दारात अडकला, वही फाटली तर ती आपल्याच हातून. आईने ‘आज कुणाबरोबर खेळलास?’ असे विचारले की वर्गातले एखादे नाव ठोकून द्यायचे. एवढ्या कष्टाने झाकलेली गोष्ट आपण त्याच्या चेहऱ्यासकट छापतो. पूर्वी निदान तो अंक रद्दीत तरी जायचा. आता त्याचे नाव इंटरनेटवर शोधले की दहा वर्षांनीही हीच बातमी वर येणार, मग शोधणारा कॉलेजातला मित्र असो की नोकरी देणारा साहेब. गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करू नये, हे आपण पाळतो. मग छळाला बळी पडलेल्याची का करायची? शिवाय त्याला जो एक मित्र मिळाला, ती मैत्रीही जाहीर उपकार होऊन बसते. उपकारकर्त्याशी कट्टी घेता येत नाही. दहा वर्षांच्या मुलाला ज्याच्याशी कट्टी घेता येत नाही, तो मित्र कसला?

प्रशस्तिपत्रवाल्याचीही सुटका नसते. दुसऱ्या दिवसापासून तो ‘सरांचा लाडका’. त्याने पुढे कधी कुणाशी साधे भांडण केले तरी ‘तू तर हीरो ना?’ हे ऐकायचे. पण मला जास्त काळजी वाटते ती ही बातमी वाचणाऱ्या इतर मुलांची. त्यांना वाटते, मदत करायची म्हणजे टोळक्यासमोर छाती काढून उभे राहायचे. ते बहुतेकांना जमणारे नसते. मग ती गप्प बसतात.

या गप्प बसणाऱ्यांविषयी बराच अभ्यास झालेला आहे. फिनलंडमध्ये क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि सहकाऱ्यांनी सहावीच्या ५७३ मुलांमध्ये कोण कुठली भूमिका करतो हे तपासले आणि १९९६ साली प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष छळणारी मुले सुमारे ८ टक्के. त्यांच्या हाताखाली काम करणारी ७ टक्के, हसून त्यांना चेव आणणारी जवळपास २० टक्के, आणि काही न करता बाजूला राहणारी सुमारे २४ टक्के. त्रास होणाऱ्याची बाजू घेणारी १७ टक्के, त्यांत मुली अधिक, आणि बहुधा वर्गात ज्यांचे वजन असते अशी मुले. म्हणजे खेळ चालतो तो मूठभरांचा, पण त्याला प्रेक्षक लागतात. टोरांटोच्या शाळांमध्ये मुलांच्या अंगावर माइक लावून, दुरून चित्रीकरण करून मैदानावरचे वागणे नोंदवले गेले. २००१ सालच्या त्या शोधनिबंधात दिसते की, इतर मुले जेमतेम पाचात एका प्रसंगी मध्ये पडली. पण जेव्हा पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा त्रास १० सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! वर्गात शिकवलेल्या कुणालाही हे पटेल. टवाळी करणाऱ्याचा जोर प्रेक्षकांच्या हसण्यावर असतो. एक जण जरी हसेनासा झाला तरी त्याची पंचाईत होते.

मग ज्या मुलाच्या शब्दाला वर्गात वजन नाही त्याने काय करावे? याचे उत्तर ज्यांना त्रास झाला त्यांनीच दिले आहे. अमेरिकेत स्टॅन डेव्हिस आणि शरीस निक्सन यांनी १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना विचारले की, कुणी काय केले तेव्हा तुम्हाला बरे वाटले. छळणाऱ्याला जाब विचारला, हे उत्तर वरच्या क्रमांकावर नव्हते. माझ्याबरोबर वेळ घालवला, माझ्याशी बोलले, मला तिथून बाजूला काढले, ही उत्तरे वर होती. यातल्या एकाही गोष्टीचे छायाचित्र निघत नाही.

माझ्या वर्गातली एक गोष्ट सांगते. एक मुलगा अडखळत बोलायचा. त्याची वाचनाची पाळी आली की मागच्या बाकांवरून हुबेहूब नक्कल ऐकू यायची, मी वळले की सगळे साळसूद. त्या वर्गात एक मुलगी होती, अभ्यासात मधली, मॉनिटर वगैरे नाही, स्वतःच कमी बोलणारी. ती एकदा मधल्या सुट्टीत वही घेऊन त्याच्या बाकाशी गेली आणि म्हणाली, “हे गणित मला सुटत नाहीये. तू सांग ना.” तिने मदत देऊ केली नाही, मागितली. मला वाटते, शहाणपण यातच होते. कितीतरी दिवसांत त्या मुलाला कुणी काही विचारले नव्हते.

पुढे मी जोडीने वाचायला सांगितले तेव्हा तिने त्याला निवडले. दोघे एका सुरात वाचू लागले आणि तो अडखळलाच नाही. दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिसळून वाचताना अडखळणे बहुतेकांच्या बाबतीत जवळजवळ नाहीसे होते, हे वाचाउपचार करणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. त्या मुलीला ते माहीत असण्याचे कारण नव्हते. मागच्या बाकांना मात्र नक्कल करायला काही उरले नाही.

सगळे गोड झाले असे नाही. आठवड्याभरात फळ्यावर दोघांची नावे बाणाने जोडलेली दिसली. मुलगा-मुलगी एकत्र बसले की वर्ग काय करतो ते सांगायला नको. चांगुलपणा करणाऱ्या मुलाला ही किंमत मोजावी लागते आणि मोठी माणसे ती क्वचितच हिशेबात धरतात. मी फळा पुसला, त्यावर भाषण दिले नाही. सगळ्या वर्गालाच जोडीने वाचायचा नियम केला, जोड्या दर आठवड्याला मी ठरवू लागले, म्हणजे ती दोघे वेगळी उठून दिसेनात. नक्कल करणाऱ्या तिघांच्या जागा लांब लांब केल्या, त्यांना एकेकटे बोलावून बोलले, त्यांच्या घरी कळवले, आणि कळवल्यावर पुन्हा विचारतही राहिले. मुख्याध्यापकांना हे समजल्यावर त्यांनी मुलीला व्यासपीठावर बोलवायचे ठरवले. आमचा यावर बराच वाद झाला. शेवटी मी तिला मैदानाच्या कडेला गाठून एवढेच म्हणाले की, तू केलेस ते मी पाहिले आहे. त्यावर ती म्हणाली, “त्याला गणित खरंच येतं, बाई.”

आता मुद्द्याची गोष्ट. सत्काराच्या त्या बातमीत एक प्रश्न अलगद गाडला जातो : एका मुलाला मध्ये पडावे लागेपर्यंत मोठी माणसे कुठे होती? नॉर्वेमध्ये १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि त्यामागे सवंगड्यांकडून झालेला छळ हे कारण असावे असे पुढे आले. सरकारने १९८३ साली देशभर मोहीम काढली. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी आखलेल्या कार्यक्रमात मधल्या सुट्टीत शिक्षकांची नीट देखरेख, वर्गाचे थोडे पण स्पष्ट नियम, वर्गात नियमित चर्चा आणि दोन्हीकडच्या पालकांशी बोलणे अशा साध्या गोष्टी होत्या. बर्गेन भागातल्या ४२ शाळांमध्ये दोन वर्षांत छळाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आल्याचे त्यांनी नोंदवले. हे काम पगार घेणाऱ्या मोठ्यांनी केले. त्यासाठी कुठल्या अकरा वर्षांच्या मुलाला शूर व्हावे लागले नाही. शाळा सत्कार करते तेव्हा ती नकळत स्वतःचाही सत्कार करून घेते, आणि आपण तो छापतो.

तेव्हा विनंती अशी. असे काही घडले तर बातमी जरूर द्यावी, पण दोन्ही मुलांची नावे, छायाचित्रे आणि तुकडी वगळून. पालकांनी हौसेने परवानगी दिली तरीही वगळून, कारण ती परवानगी त्या मुलाची नसते. आणि आपल्या बातमीदाराने मुख्याध्यापकांना काही गोष्टी अवश्य विचाराव्यात. मधल्या सुट्टीत मैदानावर आणि जिन्यात कोण असते? मुलाने सांगायचे ठरवले तर कुणाला सांगायचे, आणि सांगितल्यावर त्याला चहाडखोर ठरवले जाऊ नये यासाठी काय केले जाते? छळणाऱ्या मुलांशी कोण बोलले, किती वेळा? ज्याला त्रास झाला त्याची महिन्याभराने कुणी चौकशी केली का? उत्तरे मिळाली तर ती छापावीत. मिळाली नाहीत तर तेही छापावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका