आजच्यापुरती भाकर

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. उशीर झाला तो कामामुळे नाही. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा कागद बाजूला ठेवला, कारण हातून जे उतरत होतं ते तुला आधीच दहा जणांनी सांगून झालं होतं. तू लिहिलंस, "नोकरी जाऊन आठ महिने झाले. भेटेल तो यिर्मया 29:11 म्हणून दाखवतो, 'तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत.' आता ते वचन ऐकलं की राग येतो, आणि राग आला की मी विश्वासात कमी पडलो असं वाटतं." हे वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. हेच शब्द काही वर्षांपूर्वी माझ्याही मनात होते; फक्त ते कुणाला लिहून कळवण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं. तू मला लिहिलंस याचं मोल मला कळतं.

तुला आलेला राग त्या वचनाचा नाही, ते ज्या घाईने तुझ्या हातात कोंबलं जातंय त्या घाईचा आहे, असं मला वाटतं. ते वचन मुळात एका पत्रातलं आहे. इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं पत्र. अकरावं वचन आपल्याला तोंडपाठ असतं, पण त्याच्या आधीचं दहावं वचन कुणी भिंतीवर लावत नाही. बाबेलात सत्तर वर्षं भरल्यावर तुम्हाला परत आणीन, असं देव त्यात म्हणतो. सत्तर! ते पत्र ऐकणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला तिथेच कळलं असेल की परतीच्या वाटेवर आपण नसणार. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मया मात्र लिहितो: घरं बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा आणि त्यांची फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे देवाचे हिताचे संकल्प ज्यांच्यासाठी होते, त्यांच्या वाट्याला त्या दिवशी काय आलं? परक्या मातीत खड्डा खणून रोप लावणं. मला हे पत्र आता फार जवळचं वाटतं. त्यात सुटकेची तारीख आहे खरी, पण काम मात्र आजचंच सांगितलं आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकातल्या योसेफाबद्दलही तू लिहिलंस की त्याची गोष्ट ऐकून आता उलट जास्तच एकटं वाटतं, कारण त्याचं शेवटी भलं झालं आणि तुझं काय होणार ते माहीत नाही. एकदा मी वही घेऊन त्याच्या वयाचा हिशोब मांडला होता. सतराव्या वर्षी त्याची गोष्ट सुरू होते आणि लवकरच भाऊ त्याला विकून टाकतात. मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहतो तेव्हा तो तीस वर्षांचा आहे. त्यातली शेवटची दोन वर्षं तर निव्वळ बरोबर कैदेत असलेला राजाचा प्यालेबरदार सुटल्यावर त्याला विसरला म्हणून तुरुंगात गेली. मग सुकाळाची सात वर्षं, दुष्काळाची दोन, तेव्हा कुठे भाऊ त्याला ओळखतात. वडील मिसरात येऊन सतरा वर्षं जगतात. त्यांच्या मृत्यूनंतर, भाऊ भीतीने पायांवर पडतात तेव्हा, तो ते प्रसिद्ध वाक्य बोलतो: तुम्ही माझं वाईट योजलं, पण देवाने ते चांगल्यासाठी योजलं. तेव्हा तो छप्पन्न वर्षांचा असतो. गोष्ट सुरू झाल्यापासून ते वाक्य बोलेपर्यंत त्याची एकोणचाळीस वर्षं गेली, आणि आपण ते वाक्य आठव्या महिन्यात तुझ्या तोंडून ऐकायला बघतो.

त्या वाक्यातलं आणखी एक तुला सांगायचं आहे. आमच्या पाळकांनी एकदा बायबल अभ्यासात दाखवलं की 'तुम्ही योजलं' आणि 'देवाने योजलं' या दोन्ही ठिकाणी मूळ हिब्रू भाषेत क्रियापद एकच आहे, आणि यिर्मयाच्या त्या 'संकल्प' शब्दाचं मूळही तेच. पण योसेफ पहिला अर्धा भाग गाळत नाही. तुम्ही वाईट केलं, हे तो तोंडावर सांगतो. तुझ्याबाबतीत जो अन्याय झाला, दुसऱ्याची चूक तुझ्या नावावर टाकून तुला काढण्यात आलं, ते वाईटच होतं. त्याला देवाची इच्छा म्हणायची गरज नाही. देव वाईटातूनही आपलं काम पुढे नेतो, याचा अर्थ ते वाईट त्याला आवडलं असा होत नाही. हे आपल्या लोकांना कधी कळणार कोण जाणे. बाबांच्या आजारपणात एका गृहस्थांनी मला सांगितलं होतं की घरात कुठेतरी विश्वास कमी पडला असेल, म्हणून हे आलं. मी त्यांना क्षमा केली आहे, पण ते वाक्य खोटं होतं हे आजही तितक्याच ठामपणे म्हणेन.

बाबांबद्दल मी तुला कधी नीट सांगितलं नाही. आज सांगतो.

त्यांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा माझी बढतीवर बदली झालेली होती, ती मी नाकारली. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समोरचं सगळं कळायचं, पण शब्द सापडायचा नाही. पाणी हवं असलं की भलताच काही शब्द यायचा, मग ते डोळे मिटून घ्यायचे. माझं नावही त्यांना येत नव्हतं. रोज सकाळी मी त्यांची दाढी करायचो. सुरुवातीला ते काम मला जड जायचं, खोटं कशाला बोलू. उजवा गाल सैल पडलेला, त्यामुळे बोटाने कातडी कानाकडे ताणून धरावी लागायची, नाहीतर वस्तरा अडखळायचा. डावा गाल मात्र ते स्वतः फुगवायचे. आयुष्यभराची सवय. हनुवटीखाली आलो की मान आपोआप वर करायचे, आणि तेवढ्यापुरते ते पूर्वीचे बाबा दिसायचे.

त्या दिवसांत माझी प्रार्थना जवळजवळ बंद पडली होती. "प्रभू, यात तुझा हेतू काय ते मला दाखव" एवढंच म्हणायचो, आणि काही दिसायचं नाही. एका सकाळी वस्तरा फिरवता फिरवता, काही सुचत नव्हतं म्हणून, मी प्रभूची प्रार्थना मोठ्याने म्हणायला लागलो. "हे आमच्या स्वर्गातील पित्या..." आणि बाबांचा आवाज त्यात मिसळला. जडसा, पण शब्द स्पष्ट. माझा हात थांबला. "तुझं राज्य येवो" इथपर्यंत ते माझ्या बरोबरीने आले. "आमची रोजची भाकर आज..." इथे अडले. "आज," म्हणाले. पुन्हा, "आज." चार-पाच वेळा तोच शब्द. मी पुढचे शब्द सांगितले, तरी ते तिथेच. गालावरचा साबण सुकत चालला होता आणि ते माझ्याकडे बघून "आज, आज" म्हणत होते.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी नंतर समजावलं की असं पुष्कळांच्या बाबतीत होतं. लहानपणापासून पाठ असलेल्या प्रार्थना, गाणी, आकडे हे बोलणं गेल्यावरही बरेचदा उरतं. मी ते मानतो. त्यात चमत्कार शोधायला मी जात नाही. पण त्या शब्दाने माझ्या आत जे केलं ते मात्र प्रभूने केलं, याबद्दल मला शंका नाही. मी महिनोन्‌महिने पुढच्या पाच वर्षांचा नकाशा मागत होतो, आणि येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत नकाशाची मागणीच नाही. आजची भाकर मागायची आहे. रानात इस्राएलांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, मिळायचा तोही तसाच, माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरावीक माप, रोज सकाळी जाऊन गोळा करायचा. उद्यासाठी ठेवलेल्यात किडे पडायचे. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा. चाळीस वर्षं देवाने त्यांना कोठार भरू दिलं नाही. विश्वासही मला तसाच मिळत आला आहे. कालचा आज पुरत नाही, आणि उद्याच्या संकटासाठी लागणारा विश्वास आज माझ्याकडे नसतो. तो तेव्हा मिळतो.

त्यानंतर मी 'हेतू काय' हे विचारणं बंद केलं असं नाही. पण सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न बदलला. आज माझ्यापुढे कोण आहे, आणि त्याच्यासाठी मला काय करायचं आहे? बऱ्याच दिवशी उत्तर असायचं, बाबांचा उजवा गाल. तीन वर्षं. एवढ्याशा कामात कसली आत्मिक वाढ, असं मला वाटायचं. मार्काच्या चौथ्या अध्यायातला तो दाखला आहे ना, माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी रुजून वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. 'कळत नाही' हे शब्द येशूने मुद्दाम घातले असावेत. मी तापट होतो हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. मी सावकाश बोलायला कधी लागलो ते मला खरंच सांगता येणार नाही. बायकोने एक दिवस म्हटलं तेव्हा कळलं.

रोमकरांस पत्राचा 8:28 लोक तुला ऐकवतच असतील, देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून हितकारक होतात. त्याच्या पुढचं वचन वाच. 'हित' म्हणजे काय ते तिथे आहे: त्याच्या पुत्राच्या प्रतिरूपासारखं होणं. त्यात चांगल्या पगाराची नोकरी येईलच असं नाही, आणि येणार नाही असंही नाही. मी तुला नोकरीचं वचन देऊ शकत नाही. बाबा बरे होतील असं मला कित्येकांनी प्रभूच्या नावाने सांगितलं होतं, आणि ते बरे झाले नाहीत. त्यांचं आजारपण चांगलं होतं असं मी कधी म्हणणार नाही. पण त्या खोलीत मी एकटा नव्हतो.

तू विचारलंस की प्रार्थनेला शब्दच सुचत नाहीत, काय करू. स्तोत्रं घे. रोज एक, मोठ्याने. दीडशे आहेत, पाच महिने जातील. आणि 88वं आलं की ते टाळू नकोस. बाकीच्या बहुतेक विलापांत शेवटी कुठेतरी उजाडतं, हे मात्र अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि ते म्हणणारा माणूस देवाशीच बोलतो आहे. तुझा राग घेऊन त्याच्याकडे जा. विश्वासात कमी पडलेला माणूस देवाशी भांडत बसत नाही, तो बोलणंच सोडतो. तू सोडलेलं नाहीस. आणि रविवारी उपासनेला जात राहा. गायला जमलं नाही तर नुसता बस, तुझ्या वाटचं बाकीचे गातील.

येशूला वधस्तंभावर मारल्यानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर निघालेले ते दोघे शिष्य मला हल्ली सारखे आठवतात. "आम्हाला आशा होती," असं ते म्हणतात, लूक 24:21. होती. ते दु:ख ते ज्याला सांगताहेत तो स्वतः येशू आहे, उठलेला, त्यांच्या बरोबरीने चालणारा. तो त्यांना वाटेत शास्त्र उलगडून सांगतो, त्यांची मनं आतून पेटतातही, तरी डोळे उघडत नाहीत. डोळे उघडतात ते संध्याकाळी, घरात, तो भाकर मोडतो तेव्हा. रोजच्या जेवणाच्या वेळी.

बाबा गेले त्या सकाळीही मी दाढीचं पाणी गरम करून आणलं होतं. ते अर्धवट झोपेत होते. मी प्रार्थना म्हटली, ते काही बोलले नाहीत, पण डावा गाल त्यांनी फुगवला.

आता तुझ्या मंगळवारच्या मुलाखतीबद्दल. अकराची वेळ आहे ना? मी त्या वेळी अर्धा तास सुटी घेऊन प्रार्थनेला बसणार आहे. निकाल काय लागला ते लगेच कळवलं नाहीस तरी चालेल, पण त्या रात्री फोन कर. नुसतं जेवलास का तेवढं सांग. आणि वहिनींनी लिहिलंय की तू रात्री दोन-दोनपर्यंत जागा असतोस. अशा वेळी मला उठवत जा. खरंच उठव. माझा फोन उशाशीच असतो.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र