'ट्यूशन' शब्दाखालच्या लाल रेघेबद्दल आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

परराज्यातल्या कॉलेजचं 'ट्यूशन फीत सवलत' असं पत्र आलं की घरात पेढे येतात आणि हिशेब राहून जातो. पण फीची कागदं तपासायला तुमच्याकडे आणली, की तुम्ही पेढाही घेता अन् पत्रातल्या 'ट्यूशन' या शब्दाखाली लाल रेघही ओढता. त्या रेघेसाठी हे जाहीर आभार.

सवलत तेवढ्याच रकान्याला असते. होस्टेल, मेस, परीक्षा फी, विकास शुल्क पूर्ण भरावं लागतं. म्हणून तुमच्या आखीव कागदावर चार रकाने: पहिल्याच वर्षी भरायचे, दरवर्षी भरायचे, परत मिळणारे (अनामत रक्कम) आणि 'सवलत गेली तर'. खरा कस चौथ्याचा. समजा, खासगी विद्यापीठाची ट्यूशन फी वर्षाला २ लाख, सवलत ५० टक्के. चार वर्षांत ४ लाख वाचतात. पण अट ८ सीजीपीएची (दहापैकी सरासरी गुणांकाची) असेल आणि पहिल्याच वर्षी एखादा विषय राहून तो त्याखाली गेला, तर वाचले फक्त १ लाख. उरलेले ३ लाख कुठून आणायचे, ते प्रवेशाआधीच त्या रकान्यात लिहायला लावता.

एनआयटीचं, म्हणजे केंद्राच्या अभियांत्रिकी संस्थांचं, गणित निराळं. बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी वर्षाला १,२५,०००. कुटुंबाचं उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर ती पूर्ण माफ, १ ते ५ लाख असेल तर दोन तृतीयांश माफ, म्हणजे भरायचे सुमारे ४१,६६७. इथे घसरतं ते उत्पन्नाच्या दाखल्यावर. आकडा ५ लाखांच्या काठावर असेल तर एका पगारवाढीत सवलत जाऊ शकते, म्हणून दाखला दरवर्षी लागतो का, हे संस्थेला लेखी विचारायचं.

आणि इथे काय सोडून जातोय? ते सहसा कुणी मांडतच नाही. महाराष्ट्रात कॅपमधून (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत पात्र विद्यार्थ्याला निम्मी ट्यूशन फी मिळते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर, पूर्ण. राज्याची सीमा ओलांडली की हा हक्क गेला. अशा मुलीला रायपूरच्या एनआयटीची दोन तृतीयांश माफीही महाग पडू शकते. मात्र 'परराज्य' ऐकून घाबरणाऱ्या आयांना तुम्ही नकाशाही दाखवता: रायपूर नागपूरपासून सुमारे ३०० किलोमीटर, पुणे ७०० च्या आसपास. लेकरू दिवाळीला कुठून लवकर येईल, बाप्पा?

प्रवेश रद्द करायचा झाला तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांची तुम्ही लिहून दिलेली चिठ्ठी कामाची. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर थोडं प्रक्रिया शुल्क वजा करून पूर्ण फी परत, त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, पुढच्या १५ दिवसांत ८०, त्यानंतर तिसाव्या दिवसापर्यंत ५०, मग शून्य. मूळ मार्कशीट अडकवून ठेवायचा अधिकार संस्थेला नाही. अर्ज ईमेलनेच करायचा, तारीख राहते.

तुमच्या चार रकान्यांच्या झेरॉक्स काढून यंदाच्या पालकांना वाटतोय. चौथा रकाना थोडा रुंद केलाय. चालेल ना?

आपले,
फीची कागदं घेऊन तुमच्याकडे येणारे पालक
नागपूर