ग्रिड बंद करू नका, फिकी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सांगलीत गेली २६ वर्षं डीटीपीचं, म्हणजे छापायची पानं कॉम्प्युटरवर मांडायचं काम करतोय. लग्नपत्रिका, बिलबुकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, जे येईल ते. दर उन्हाळ्यात क्लास करून दोन-तीन पोरं माझ्याकडे हात बसवायला येतात, पोरं हुशार असतात, टूल्स माहीत असतात, इफेक्ट्स तर माझ्यापेक्षा जास्त येतात, पण एक गोष्ट मला दरवर्षी तशीच दिसते आणि आता राहवत नाही म्हणून हे पत्र लिहितोय. स्क्रीनवरची ग्रिड, म्हणजे वस्तू सरळ रेषेत लावायला मदत करणारी रेघांची जाळी, कोणीच चालू ठेवत नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, "सर ती जाळी डोळ्यात येते, खालचं डिझाइन दिसतच नाही."

आता यात पोरांचं चुकत नाही हो. ती जाळी खरंच डोळ्यात येते, विशेषतः खाली नवरा-नवरीचा फोटो टाकलेला असला आणि वरून रेघाच रेघा असल्या की. पण त्यावर उपाय जाळी काढून टाकणं हा नाही, तिचा रंग आणि अंतर बदलणं हा आहे, आणि हे बदलता येतं हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं!

मागच्या सीझनला घडलेली गोष्ट सांगतो. एक मुलगा कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्रिका करत होता, गणपती मधोमध आणायचा होता, पण माऊसने सरकवला की गणपती जाऊन भलतीकडेच चिकटायचा, हवा तिथं थांबायचाच नाही, एकतर थोडा डावीकडे नाहीतर थोडा उजवीकडे. त्याने माऊस बदलला, मशीन बंद करून चालू केलं, फाइल नव्याने उघडली, असा पाऊण तास गेला आणि पार्टी (गिऱ्हाईक) समोर बसलेली. मी जाऊन बघितलं तर स्नॅप टू ग्रिड, म्हणजे वस्तू आपोआप जाळीच्या रेघेला चिकटण्याची सोय, चालू आणि ग्रिड मात्र लपवलेली. म्हणजे वस्तू ओढून घेणाऱ्या रेषा तिथं होत्याच, फक्त दिसत नव्हत्या. आणि हे झालं कसं तर वर्ड-एक्सेलमध्ये रिडू (मागे घेतलेला बदल परत आणणं) करायला कंट्रोल वाय दाबतात त्या सवयीने त्याने इथंही दाबलं, पण कोरलमध्ये कंट्रोल वाय म्हणजे स्नॅप टू ग्रिड, रिडूला कंट्रोल शिफ्ट झेड. ग्रिड दिसत असती तर एका सेकंदात कळलं असतं की गणपती रेघेला चिकटतोय.

प्रत्येक सॉफ्टवेअरची तऱ्हा वेगळी असते हेही सांगायला पाहिजे. फोटोशॉपमध्ये ग्रिड लपवली की तिला चिकटणंही थांबतं, इलस्ट्रेटरमध्ये तसं नाही, तिथं लपवली तरी चिकटणं चालूच राहतं आणि वर स्नॅप टू ग्रिड चालू असताना स्मार्ट गाइड्स (वस्तू एका रेषेत आल्या की आपोआप दिसणाऱ्या रेघा) काम करत नाहीत, मग पोरं म्हणतात सॉफ्टवेअर खराब आहे.

फिकी कशी करायची तर फार काही नाही. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसमध्ये गाइड्स अँड ग्रिड उघडा, रंग फिका राखाडी किंवा आकाशी घ्या, रेघांऐवजी डॉट्स निवडा आणि ग्रिड्स इन बॅकला टिक करा म्हणजे जाळी डिझाइनच्या मागे जाते. तिथं मुळात ७२ पॉइंटचं म्हणजे एक इंचाचं घर आणि त्याचे ८ भाग असतात, आपण कामं करतो मिलिमीटरमध्ये, म्हणून मी १० मिमीचं घर आणि १० भाग करून घेतो, मग एक बारीक घर म्हणजे बरोबर एक मिलिमीटर. ज्यांना सॉफ्टवेअर विकत घ्यायला परवडत नाही त्यांच्यासाठी इंकस्केप फुकट आहे, त्यात तर हॅशचं बटण दाबलं की ग्रिड येते, परत दाबलं की जाते, आणि रंग किती पारदर्शक ठेवायचा तेही डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये ठरवता येतं. डॉट्सबद्दल आमच्याकडच्या मुलींना वेगळं समजवावं लागत नाही. ठिपक्यांची रांगोळी काढणारीला माहीत असतं की ठिपका असा हवा की हाताला सापडेल पण रांगोळी झाल्यावर डोळ्यात येणार नाही.

मी ज्या प्रेसमध्ये शिकलो तिथले उस्ताद पेस्टिंग करायचे. ब्रोमाइड (मजकूर उमटवलेला फोटोचा कागद) कापून लाइट टेबलवर कागदाला चिकटवायचं काम, आणि त्या कागदावर आधी फिक्या निळ्या पेन्सिलने रेघा मारलेल्या असायच्या. निळाच का, तर छपाईसाठी पानाचा फोटो काढायच्या कॅमेऱ्याच्या लिथ फिल्मला फिका निळा दिसायचाच नाही, पांढराच वाटायचा, म्हणजे उस्तादांना रेघ दिसायची आणि छपाईत यायची नाही. आज कॉम्प्युटरवरची ग्रिड प्रिंटला जात नाही, ही अगदी तीच सोय आहे.

स्मरणिका-अहवालात तर याची किंमत लगेच कळते. दोन कॉलममधल्या ओळी शेजारी-शेजारी एका रेषेत आल्या नाहीत की पान वाकडं वाटतं, आणि आपल्या देवनागरीत ते जास्त वाटतं कारण शिरोरेघ ही एक आडवी रेघच आहे, अर्धा मिलिमीटर खालीवर झाली तरी डोळा तिथं अडतो. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये यासाठी बेसलाइन ग्रिड, म्हणजे ओळी बसवायच्या आडव्या रेघा, असते, मुळात १२ पॉइंटची, पण मराठीला वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार एवढं सगळं असतं त्यामुळे १४ पॉइंटच्या मजकुराला मी रेघांमधलं अंतर १८ ठेवतो. पोरं चालू करतात आणि म्हणतात दिसत नाही. दिसत नाही कारण व्ह्यू थ्रेशोल्ड, म्हणजे किती टक्के झूमपासून ग्रिड दिसावी तो आकडा, ७५ टक्क्यांवर असतो, पूर्ण पान मावेल एवढं लहान केलं की त्याखाली गेलात आणि ग्रिड लपते, तो आकडा ५० करा की दिसेल. नाहीतर डब्ल्यू दाबून प्रिव्ह्यूमध्ये गेलेले असतात, तिथं ग्रिड दिसत नाही.

माझी डीटीपी क्लास चालवणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे की पहिल्या दिवशी अर्धा तास फक्त यावर द्या. ग्रिड चालू कशी करायची, फिकी कशी करायची, चिकटणं कुठून बंद होतं, आणि रंग प्रत्येकाने आपल्या डोळ्यांना बघून निवडायचा. हे शेवटचं मी मुद्दाम लिहितोय. माझ्याकडे एक मुलगा आहे ज्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. कुठल्यातरी व्हिडिओत बघून त्याने ग्रिड हिरवी ठेवली होती आणि लाल पत्रिकेवर काम करताना त्याला ती दिसायचीच नाही, पण लाजून महिनाभर बोलला नाही, अंदाजानेच लावत बसायचा. मला ते कळलं त्या दिवशी फार वाईट वाटलं. आता त्याच्या मशीनवर ग्रिड निळी असते. त्याच्या जागेवर मला काम करायचं असलं की मी ती फिकी राखाडी करून घेतो, आणि उठताना आठवणीने परत निळी करून ठेवतो.

आपला,
एक डीटीपी ऑपरेटर, सांगली