शेवटची काटापट्टी कुठे जाते?

मा. संपादक,

कांद्याची आवक जास्त असली की संध्याकाळच्या हिशोबात एखाददुसरी काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, सापडत नाही आणि शेतकऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा खेटा घालावा लागतो, अशी तक्रार करणारे वाचकपत्र आपल्या अंकात वाचले. व्यापाऱ्याच्या खळ्यावर त्या पत्रलेखकांना ‘सर्व्हर डाउन होता’ असे उत्तर मिळाले म्हणे. अहो, सर्व्हर डाउन असता तर एकही पट्टी निघाली नसती. दिवसभराच्या सगळ्या पट्ट्या जागेवर आणि नेमकी शेवटची गायब, असा प्रकार असेल तर सर्व्हरच्या नावावर बिल फाडण्यात अर्थ नाही.

मी सिडकोत राहते. खळ्यांवरची आणि द्राक्षांच्या पॅकहाऊसमधली वजनाची, हिशोबाची सॉफ्टवेअर दुरुस्त करणे हा माझा धंदा. बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी लिहून सोडून दिलेली. उन्हाळ कांद्याच्या हंगामात लासलगावकडच्या एका खळ्यावर हेच दुखणे पाहायला मिळाले. तिथे मुख्य प्रोग्रॅम प्रत्येक काट्यासाठी एक वेगळी चाइल्ड प्रोसेस, म्हणजे हाताखालचा छोटा प्रोग्रॅम, सुरू करतो. ती भरल्या ट्रॉलीचे वजन घेते, रिकाम्या ट्रॉलीचे घेते, पट्टी तयार करून मुख्य प्रोग्रॅमकडे पाठवते आणि काटा बंद केला की स्वतः संपते. मालकाचा संशय ऑपरेटर पोरावर होता. मी लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने स्वतः लिहिलेली कामाची नोंदवही, उघडला तर ‘काटा २ बंद, बेरीज पूर्ण’ अशी ओळ होती आणि तिच्या लगेच खाली, सेकंदही उलटायच्या आत, त्याच काट्याची आणखी एक पट्टी येऊन पडलेली. बेरीज झाल्यावर आलेल्या त्या पट्टीकडे कोण बघणार? त्या पोराचा यात काडीचाही संबंध नव्हता.

प्रोग्रॅम नोड जेएसमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्यवस्थेत, लिहिलेला होता. त्यात चाइल्ड संपली की पॅरेंटला, म्हणजे मुख्य प्रोग्रॅमला, ‘एक्झिट’ ही सूचना मिळते. पण तिचा अर्थ प्रोसेस संपली एवढाच. तिने लिहिलेला मजकूर तेव्हा पाइपमध्ये, म्हणजे दोघांमधल्या निरोपाच्या नळीत, वाचायचा राहिलेला असू शकतो. पाइपही बंद झाल्यावर येते ती ‘क्लोज’ ही वेगळी सूचना. नोडच्या माहितीपुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेले आहे. ड्रायव्हर चहाला गेला म्हणजे ट्रॉली रिकामी झाली, असे कोणता हमाल म्हणेल? या प्रोग्रॅमने नेमके तेच गृहीत धरले होते.

दुसरी गडबड चाइल्डच्या बाजूला. संदेश पाठवण्याचे ‘सेंड’ हे फंक्शन लगेच परत येते. संदेश प्रत्यक्ष बाहेर पडलेला असतोच असे नाही. पुढच्याच ओळीत ‘एक्झिट’, म्हणजे इथे ताबडतोब संपण्याचा हुकूम, लिहिले की रांगेतल्या संदेशासकट प्रोसेस संपते. असा संदेश लॉगमध्येही सापडत नाही, आणि तो जास्त वाईट.

आधीच्या माणसाने यावर केलेला इलाज म्हणजे बेरजेआधी दोन सेकंद थांबणे, आणि शेजारी ‘ही ओळ काढू नये’ अशी तंबी. आवक कमी असते तेव्हा दोन सेकंद पुरतात. गाड्यांची रांग लागलेली, त्यात बॅकअप सुरू, अशा दिवशी पुरत नाहीत. मग कुणीतरी त्याचे पाच सेकंद करतो. रेस कंडिशनवर, म्हणजे दोन कामांपैकी कोणते आधी उरकते यावर निकाल ठरण्याच्या दुखण्यावर, थांबण्याचा उतारा चालत नाही, कारण मशीन किती रेंगाळेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही.

आता तिथे चाइल्ड प्रोसेस पट्टी आधी आपल्या फाइलमध्ये लिहिते, मग पाठवते. शेवटी ‘एवढ्या पट्ट्या पाठवल्या’ असा आकडा पाठवते, तो गेल्याचा कॉलबॅक, म्हणजे ‘गेला’ असा उलट निरोप, आला की जोडणी सोडते आणि आपसूक संपते. ‘एक्झिट’ ओरडून सांगावे लागत नाही. मुख्य प्रोग्रॅम तो आकडा जुळल्याशिवाय हिशोबपट्टी छापत नाही. वीज गेली किंवा प्रोसेस मारली गेली तर कॉलबॅकही कामाचा नाही, म्हणून ती फाइल.

पायथॉन या दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्यांनी खूश होऊ नये. तिथे मल्टिप्रोसेसिंगच्या क्यूमधला, म्हणजे निरोपांच्या रांगेतला, माल न उचलता चाइल्डवर ‘जॉइन’ (ती संपेपर्यंत थांबणे) लावले, तर माल पाइपमध्ये उतरेपर्यंत चाइल्ड संपत नाही आणि ती संपेपर्यंत पॅरेंट हलत नाही. दोघे एकमेकांची वाट बघत बसतात. लिनक्सवर पाइपमध्ये साधारणपणे ६४ केबी मावतात, त्यामुळे डेमोतल्या दहा पट्ट्या सुरळीत जातात आणि खरेदीचा चेक निघतो. आधी वाचा, मग जॉइन करा, एवढाच तो क्रम.

हा प्रकार फक्त खळ्यापुरता नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातला काही भाग अंधारात गेला, सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. तारा झाडांना टेकल्या वगैरे कारणे होतीच, पण एका नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा रेस कंडिशनमुळे गप्प झाली होती आणि समोर बसलेल्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरला गर्दीची मोजणी, पार्किंग, हरवलेल्या माणसांच्या नोंदी अशी बरीच सॉफ्टवेअर येतील. डेमो मोकळ्या सभागृहात होणार, काम पर्वणीच्या गर्दीत. तेव्हा माझी मागणी एवढीच की स्वीकृती चाचणीत शेवटच्या नोंदीआधी मुद्दाम उशीर घालावा, एखादी चाइल्ड प्रोसेस अर्ध्यात मारावी, आणि पाठवलेल्या व पोहोचलेल्या नोंदींचा ताळा सगळ्यांसमोर करावा. जो पुरवठादार याला नकार देईल, त्याचे बिल थांबवावे.

आणि त्या पत्रलेखक शेतकरीदादांना एक सांगणे: काटापट्टीची आपल्याकडची प्रत फेकू नका. तिच्यावरचा क्रमांक आणि वेळ दाखवून त्या दिवसाचा लॉग उघडायला लावा. पट्टी ‘काटा बंद’च्या खाली सापडली, तर तुमचे म्हणणे तिथल्या तिथे सिद्ध होते.

– एक प्रोग्रॅमर, सिडको, नाशिक