आधी चुकलेल्या उत्तरपत्रिका वाचा, मग चॅटबॉट आणा

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय, सविनय नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. गणिताच्या सरावासाठी शाळांमध्ये एआय चॅटबॉट, म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला लगेच लिहून उत्तर देणारी संगणक प्रणाली, आणायला माझा विरोध नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. शिक्षकानं तंत्रज्ञानाबद्दल तोंड उघडलं की 'यांना काही नवीन नकोच असतं' असं ठरवून लोक मोकळे होतात, म्हणून.

चॅटबॉट यायचा राहिलेला नाही, तो आलाय. मुलं रात्री गृहपाठाचा फोटो काढतात, चॅटबॉटला देतात आणि सकाळी वहीत सगळं नीटनेटकं. एकही खाडाखोड नाही. आठवीतल्या मुलाच्या गणिताच्या वहीत खाडाखोड दिसली नाही की मला धसकाच बसतो. पण याच चॅटबॉटचा दुसरा उपयोगही मी पाहते. वर्गात हात वर करायला लाजणारी, क्लासची फी परवडत नसलेली मुलगी घरी त्याला एकच शंका चार-पाच वेळा विचारते. तो वैतागत नाही, 'एवढंही येत नाही का' म्हणत नाही. साठ मुलांच्या वर्गात, पस्तीस मिनिटांच्या तासाला, हे आम्हाला जमत नाही. तेव्हा ही सोय सरकारनं मुलांना द्यावी का, तर जरूर द्यावी. कशी, हा प्रश्न आहे आणि त्यासाठीच हे पत्र.

आमच्या आठवीच्या वर्गातलं एक उदाहरण देते. एका चलातील समीकरणांचा पाठ झाल्यावर मी फळ्यावर लिहिलं: ५ − २(क्ष − ३) = ३. उत्तर येतं ४.

एका मुलीनं कंस सोडवताना लिहिलं, ५ − २क्ष − ६ = ३. उणे दोन गुणिले उणे तीन म्हणजे अधिक सहा, तिथं तिचं चिन्ह चुकलं. पुढच्या सगळ्या पायऱ्या बरोबर. उत्तर आलं उणे २. तिच्या मागच्या बाकावरच्या मुलानं पहिल्याच ओळीत पाचातून दोन वजा केले आणि लिहिलं, ३(क्ष − ३) = ३. मग क्ष − ३ = १, म्हणून क्ष = ४. उत्तर बरोबर! पद्धत मात्र मुळापासून चुकलेली, कारण तो दोन कंसाला गुणलेला आहे, पाचातून वजा करायला मोकळा नाहीच. ज्याला हे कळलेलं नाही त्याचं दहावीपर्यंतचं सगळं बीजगणित डळमळीत.

आता हाच प्रश्न ऑनलाइन सराव चाचणीत चार पर्यायांसह घाला. मुलाला हिरवी खूण, 'शाब्बास' आणि पुढचा अवघड प्रश्न. मुलीला लाल फुली आणि परत सोप्या पातळीवर रवानगी. ज्याला थांबवायला हवं होतं तो पुढे गेला आणि जिला एका चिन्हापुरतं टोकायचं होतं ती मागे पडली. यंत्र बिघडलेलं नव्हतं. त्याला उत्तर तपासायला सांगितलं होतं, त्यानं उत्तर तपासलं.

महोदय, हे मी कल्पनेनं सांगत नाही. आपल्या राज्यानं हा प्रयोग करून पाहिलेला आहे. करोनात शाळा बंद असताना, २०२० साली, व्हॉट्सअ‍ॅपवर 'स्वाध्याय' उपक्रम सुरू झाला. आठवड्याला गणित आणि भाषेचे मोजके बहुपर्यायी प्रश्न यायचे, मुलानं पर्याय पाठवला की लगेच निकाल कळायचा. त्या दिवसांत मुलांच्या हाताला काहीतरी काम मिळालं, त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण मुलानं ते उत्तर कसं काढलं, मोठ्या भावाला विचारलं की डोळे मिटून 'ब' दाबला, ते त्यातून कळायला वाव नव्हता.

दहावीची प्रश्नपत्रिका पाहा. बीजगणित आणि भूमितीचे प्रत्येकी ४० गुणांचे पेपर, त्यात बहुपर्यायी प्रश्नांना फक्त ४ गुण. बाकी सगळं लिहून दाखवायचं. 'कृती पूर्ण करा' म्हणून चौकटी दिलेल्या असतात, तिथंही मधल्याच पायऱ्या विचारतात. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतात, ही आपल्या परीक्षेतली एक शहाणपणाची गोष्ट आहे. मंडळाला जे कळतं ते सराव घेणाऱ्या अ‍ॅपना का कळू नये? कारण सरळ आहे. पर्याय तपासायला काही खर्च येत नाही, पायऱ्या वाचायला येतो.

आता ज्याला पायऱ्या वाचता येतात त्या चॅटबॉटकडे वळू. तुर्कस्तानात एका माध्यमिक शाळेतल्या सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग २०२५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपल्या खात्यातल्या अधिकाऱ्यांनी तो मुळातून वाचावा. गणिताचा सराव करताना काही मुलांना जीपीटी-४ हा चॅटबॉट जसाच्या तसा दिला, काहींना शिक्षकांच्या सूचना घालून शिकवणीसाठी बेतलेला दिला आणि उरलेल्यांना फक्त वही-पुस्तक. सरावात पहिल्या गटाची कामगिरी वही-पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्के सरस, दुसऱ्याची तर १२७ टक्के. असे आकडे दिसले की सादरीकरण तिथंच थांबतं आणि टाळ्या पडतात. पुढे चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली. नुसता चॅटबॉट वापरलेली मुलं, ज्यांनी तो कधी वापरलाच नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्के मागे पडली. आणि आपण कमी शिकलो याची त्यांना जाणीवही नव्हती!

बेतलेल्या चॅटबॉटनं हे नुकसान जवळपास टाळलं. त्यात काय वेगळं होतं? तो उत्तर हातात देत नव्हता, पुढच्या पायरीची खूण तेवढी करत होता. आणि या प्रश्नात मुलं हमखास कुठे चुकतात हे शिक्षकांनी त्याला आधीच सांगून ठेवलेलं होतं. नुसत्या चॅटबॉटची स्वतःचीच उत्तरं निम्म्याच्या आसपास वेळा चुकत होती. त्यानंतरची मॉडेलं गणितात बरीच सुधारली आहेत, हे मान्य. पण चॅटबॉटला स्वतःला गणित येणं वेगळं आणि समोरच्या मुलाचं काय चुकतंय ते ओळखणं वेगळं. बेतलेल्या चॅटबॉटच्या मुलांनाही परीक्षेत ठळक फायदा झाला नाही, हेही नोंदवते, नाहीतर उद्या याच प्रयोगाचा अर्धा भाग कुणीतरी जाहिरातीत छापेल.

मुलांच्या चुका यंत्राला शिकवायच्या, ही कल्पना आजची नाही. १९७८ साली जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी 'बगी' नावाच्या संगणक प्रणालीवरचा निबंध प्रसिद्ध केला. वजाबाकीत मुलं कुठल्या ठरावीक पद्धतीनं चुकतात याची जंत्रीच त्यांनी केली होती. ५२ वजा २७ चं उत्तर ३५ आणणारं मूल आपल्याकडच्या प्रत्येक शाळेत आहे. त्याचं गणित कच्चं असतं असं नाही, त्याचा नियम पक्का असतो: वर असो की खाली, मोठ्यातून लहान काढायचा. हा नियम एकदा ओळखला की औषध पाच मिनिटांचं असतं. नाही ओळखला तर त्याच्याकडून शंभर वजाबाक्या करून घ्या, तो शंभर वेळा तेच करील, आणि सरावानं ते आणखी घट्ट बसेल.

आता मूळ मागणी. असल्या चुकांचा साठा आपल्याकडे आहे, मराठीत आहे, आणि तो आपण रद्दीत घालतो. शाळांमध्ये नियतकालिक मूल्यांकन चाचण्या होतात: पायाभूत, मग संकलित एक, संकलित दोन. त्यांत गणित असतंच. आम्ही पेपर तपासतो आणि गुण भरतो. कुठे भरतो, तर गुण भरण्यासाठीच्या एका वेगळ्या चॅटबॉटवर! महाराष्ट्रातल्या शिक्षकाला चॅटबॉट म्हटलं की अजूनही 'गुण भरले का?' हेच आठवतं. बाराला सर्व्हर चालत नाही म्हणून रात्री साडेदहाला भरायचे, तो हा चॅटबॉट. असो. मुद्दा असा की, वर गुण जातात, चूक जात नाही. 'या जिल्ह्यात अपूर्णांकाला सरासरी इतके गुण' एवढं मंत्रालयाला दिसत असेल. पण मुलं छेदात छेद मिळवून १/२ + १/३ = २/५ लिहितात, की लसावि बरोबर काढून अंश बदलायचा विसरतात, हे ज्या कागदावर आहे तो कागद शाळेच्या कपाटातून रद्दीवाल्याकडे जातो.

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं प्रत्येक तालुक्यातल्या थोड्या शाळांमधून या उत्तरपत्रिका मागवाव्यात. मुलांची नावं काढून टाकावीत. गणित शिकवणाऱ्या शिक्षकांना बसवून चुकांची वर्गवारी करावी आणि ती सर्वांसाठी खुली ठेवावी: बालभारतीच्या पाठांप्रमाणे, बालभारतीच्याच परिभाषेत. ती हाताशी आली की कुठल्याही कंपनीचा चॅटबॉट त्यावर बेतता येईल. एखाद्या कंपनीचा करार संपला तरी साठा आपलाच राहील. चॅटबॉट आलाच नाही तरी नव्यानं नोकरीला लागलेल्या शिक्षकाला तो डीएड-बीएडच्या नोट्सपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट त्यालाच जोडून. यापुढे कुणीही आपल्याकडे गणिताचा एआय शिक्षक घेऊन आलं, तर सादरीकरण सुरू होण्याआधी आठवीच्या उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा समोर ठेवा. मुलांच्या हस्ताक्षरातला, गिचमिड, पेन्सिलनं लिहिलेला, कोपऱ्यात कच्चं काम केलेला. म्हणा, यातली प्रत्येक चूक कुठल्या ओळीत झाली ते सांगा आणि उत्तर न देता त्या मुलाला तुम्ही पुढे काय विचाराल ते मराठीत विचारून दाखवा. शेजारी दोन गणित शिक्षक बसवा. अर्ध्या तासात निकाल लागेल.

बाकीचं थोडक्यात, कारण ते आपल्यालाही ठाऊक आहे. 'असर' या ग्रामीण भागातल्या शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरात स्मार्टफोन आहे, पण घरात असणं म्हणजे मुलीच्या हातात असणं नव्हे. फोन वडिलांबरोबर शेतात किंवा कामावर जातो आणि रात्री परत येतो. म्हणून शाळेच्या वेळेत, शाळेच्या संगणकावर हा सराव व्हायला हवा, आणि वीजबिल थकल्यामुळे बंद पडलेले संगणक कक्ष त्यासाठी आधी उघडायला हवेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती ही मूळ अट आहे. ती पालकसभेच्या हजेरीपटावरच्या सहीत उरकली जाऊ नये.

आणि एक कळकळीची विनंती. हे सुरू झालं तर 'किती मुलांनी लॉगिन केलं' याचा तक्ता करू नका. तो तक्ता गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून केंद्रप्रमुखांकडे, मग मुख्याध्यापकांकडे, आणि शेवटी बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम आटोपून आलेला शिक्षक दुपारी स्वतःच्या फोनवरून तीस मुलांची चाचणी सोडवत बसतो. शंभर टक्के सहभाग, शंभर टक्के बरोबर उत्तरं! विचारायचंच असेल तर शिक्षकाला महिन्यातून एकदा एवढंच विचारा: तुमच्या वर्गात या महिन्यात कुठली चूक सगळ्यात जास्त दिसली आणि तुम्ही तिचं काय केलंत?

उत्तरपत्रिकांसाठी नवी यंत्रणा लागणार नाही, पुढच्या संकलित चाचणीआधी एक परिपत्रक पुरेल. एरवी परिपत्रकं खूप येतात. हे आलं तर आमच्या शाळेचे गठ्ठे मी स्वतः बांधून तालुक्याला पोचवीन.

आपली,
एक गणित शिक्षिका,
जि. सोलापूर