स्टुडिओवाल्या काकांना, एका गळवाल्याकडून

काका, साष्टांग नमस्कार.

पासपोर्ट फोटो काढायला आलेल्या माणसाने आपलं मासे मेल्याचं रडगाणं गावं आणि तुम्ही कॅमेरा बाजूला ठेवून ते ऐकून घ्यावं, हे खानापुरातच होऊ शकतं. त्या दिवशी आभार मानायचे राहून गेले.

मलप्रभेच्या डोहात मरळ धरायची तर गळाला जिवंत बारका मासा लागतो. मेलेल्याकडे मरळ सहसा ढुंकूनही बघत नाही. म्हणून निळा ड्रम आडवा कापून मी पडवीत हौद केला. शनिवारी ओढ्यातून साठ-सत्तर मासे आणायचे आणि रविवारी पहाटे ते पोट वर करून तरंगताना बघायचे, असं महिनाभर चाललं. मी कधी ड्रमला दोष दिला, कधी माशांना. बायको मलाच देत होती.

तुम्ही एवढंच म्हणालात, ‘मीनु बिडु, नीरु नोडु.’ मासे सोड, पाणी बघ.

पाणी नळाचं. आपल्या पोटासाठी त्यात क्लोरीन घालतात, तेच माशाचे कल्ले जाळतं. मग तुम्ही आतल्या खोलीतून रोल धुण्याच्या काळातली हायपोची, म्हणजे क्लोरीन मारणाऱ्या सोडियम थायोसल्फेटच्या खड्यांची बरणी काढलीत. शंभर लिटरला नखाएवढे दोन-तीन खडे. वर दम दिलात, की कोरे खडेच घे, फोटो पक्का करायच्या वापरलेल्या द्रावणात, फिक्सरमध्ये, चांदी उतरलेली असते, आणि पाकिटातल्या झटपट फिक्सरमध्ये अमोनियाचा क्षार, तो तर माशांचा काळच. फोटो धुणारा माणूस माझे मासे वाचवेल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

पुढच्या खेपेला मासे दोन दिवस टिकले, तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं आणि पुन्हा तेच. मी धावत आलो. तुम्ही विचारलंत, ‘खायला काय घातलंस?’ कणकेच्या गोळ्या, दुसरं काय! तेव्हा समजलं, की उरलेलं अन्न आणि माशांची घाण कुजून अमोनिया होतो, आणि तो पचवणारे जिवाणू नव्या हौदात नसतात, ते गाळणीच्या स्पंजात बसायला महिना-दीड महिना जातो. तोवर मासे वीस-पंचवीसच ठेवायचे, खायला काही घालायचं नाही, आणि रोज चौथाई पाणी बदलायचं. स्पंज नळाखाली धुतला तर ते जिवाणूही क्लोरीनने मरतात, म्हणून तो हौदातल्याच पाण्यात पिळायचा. हे मला माहीत असतं तर मी पहिल्याच आठवड्यात स्पंज घासूनपुसून लख्ख केला नसता. शंभर लिटरला मूठभर, म्हणजे शंभर ग्रॅम खडेमीठ घालायचं, तेही तुम्हीच सांगितलंत.

एप्रिलात हौदात बर्फाची बाटली सोडायची युक्तीही तुमचीच. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला साडेसातच. बाटली बूच लावूनच सोडायची, नाहीतर बर्फातून पुन्हा नळाचं पाणी. लाइट गेली तर म्हणून बॅटरीवरचा हवापंपही आणला. बायको म्हणते, माझ्या आजारपणात एवढी धावपळ केली नव्हतीत.

काका, परवा सहाव्या दिवशीही मासे पळत होते. पहाटे डोहावर दीड किलोची मरळ लागली. उरलेलं आमिष तुमच्या सांगण्यावरून दुसऱ्या तळ्यात न सोडता ज्या ओढ्याचं त्याच ओढ्यात सोडलं.

तुमच्या घरी मासा चालत नाही, तेव्हा मरळ काही पाठवत नाही. रविवारी बेळगावहून कुंदा घेऊन येतो. हायपोची बाटली तळाला लागलीय, तीही सोबत आणतो. आणि ते पासपोर्ट फोटो अजून तुमच्याकडेच आहेत.

तुमचा,
ड्रमवाला

खानापूर, जि. बेळगाव