मंत्रिमहोदय, नोंदवह्या उघडा

प्रति,
माननीय केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्री,
पृथ्वी भवन, लोधी रोड, नवी दिल्ली.

विषय : तापमानवाढीच्या विज्ञानावर घेतल्या जाणाऱ्या शंका आणि आपल्या खात्याचे उत्तर

महोदय,
सप्रेम नमस्कार.

३० मे २०२४ रोजी नागपूरच्या रामदासपेठेत, कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या शेतात उभ्या असलेल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवले. जगात आजवर मान्य झालेला उच्चांक कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीतला, १० जुलै १९१३चा, ५६.७ अंश. म्हणजे आमची रामदासपेठ त्या वाळवंटाच्या अगदी पाठोपाठ होती! आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ दाखवले होते. पुढे दोन्ही ठिकाणी हवामान खात्याने खुलासा केला की सेन्सरमध्ये दोष होता. मुंगेशपूरचे यंत्र प्रमाणित उपकरणापेक्षा तीन अंश जास्त दाखवत होते, हेही सांगितले.

खुलासा केला हे चांगलेच झाले. पण ५६चा आकडा जितक्या फोनवर पोचला, त्याच्या पासंगालाही खुलासा पुरला नाही. आता आमच्याकडे दोन तट आहेत. एका तटाचे लोक आजही ते छायाचित्र ‘बघा, पृथ्वी पेटली’ म्हणून फिरवतात. दुसरा तट म्हणतो, यांना कालचे तापमान धड मोजता येत नाही आणि हे शंभर वर्षांत किती वाढले ते आम्हाला शिकवणार.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. आता शाळा, वाचनालये, गणेश मंडळे, जिथे बोलावतील तिथे हवा-पाण्यावर बोलतो. त्यामुळे या दुसऱ्या तटाशी माझी रोजची गाठ. बहात्तरच्या दुष्काळात कुठे होता तुमचा कार्बन? विदर्भात सत्तेचाळीस अंश काय आत्ता सुरू झाले? उद्या पाऊस येतो की नाही ते सांगता येत नाही आणि २१०० सालचे भविष्य सांगता? पूर्वी वेधशाळा गावाबाहेर होती, आता चहूबाजूंनी सिमेंट आहे, मग पारा चढणार नाही तर काय? आणि सगळ्यांत शेवटी, आवाज जरा खाली आणून : हा गोऱ्यांचा डाव आहे साहेब, आपला कोळसा बंद पाडायचा.

यातले सगळे प्रश्न वेडगळ नाहीत. सिमेंटचा प्रश्न तर उत्तम आहे. वेधशाळेतली ती पांढरी, झडपांची लाकडी पेटी आठवा. जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर, खाली गवत, दार उत्तरेला, म्हणजे दार उघडल्यावर ऊन थेट पाऱ्यावर पडू नये. आत कमाल तापमापक जवळजवळ आडवा ठेवलेला. त्याच्या नळीला तापाच्या थर्मामीटरसारखी एक चिमट असते, म्हणून चढलेला पारा आपोआप खाली येत नाही. निरीक्षक वाचतो, वहीत लिहितो आणि मग झटका देऊन उतरवतो. एवढी सगळी काळजी कशासाठी? पेटीच्या आसपासच्या भिंतीने, डांबराने आकडा बिघडवू नये म्हणून. मग शहर त्या पेटीपर्यंत येऊन ठेपले तर आकडा बिघडेल, ही शंका शास्त्रीयच आहे.

हीच शंका अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना होती. ते घरी बसून टोमणे मारत राहिले नाहीत. ‘बर्कली अर्थ’ नावाचा गट उभा केला, जगभरातल्या हजारो केंद्रांच्या नोंदी पुन्हा पहिल्यापासून तपासल्या, शहरांपासून दूरची केंद्रे वेगळी काढून पाहिली. त्यांना पैसे देणाऱ्यांत तेलाच्या धंद्यातल्या कोक कुटुंबाशी संबंधित प्रतिष्ठानही होते, म्हणजे निकाल काय लागावा अशी कोणाची इच्छा असेल याचा अंदाज बांधता येतो. २०११ साली निकाल आला : वाढ खरी आहे, शहरीकरणाने जागतिक सरासरीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. पुढच्या वर्षी म्युलर यांनी जाहीर लिहिले की आपले मत बदलले आहे आणि या वाढीचे कारण जवळजवळ सर्वस्वी माणूसच आहे. उपग्रहांच्या नोंदी ठेवणारे रॉय स्पेन्सर आणि जॉन क्रिस्टी हे तर आजही टोकाच्या भाकितांची टर उडवतात. पण त्यांच्या स्वतःच्या आलेखातही १९७९पासून दर दशकाला सुमारे ०.१५ अंशाची वाढ दिसते. समुद्रावर तर सिमेंट नाही ना? तोही तापला आहे.

ही हकिगत सांगितली की सभेत शांतता होते. का? तर शंका घेणाऱ्यानेच तपासले आणि तपासता आले. मोजणीच्या मूळ नोंदी त्याच्या हाती पडल्या म्हणून तपासता आले. आता मला सांगा, नागपूरच्या एखाद्या चिकित्सक पोराला सोनेगावच्या वेधशाळेच्या जुन्या रोजच्या नोंदी काढून असेच काही करून पाहावेसे वाटले तर? हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर देशाच्या नकाशाचे चौकोन पाडून काढलेली चौकटी-चौकटींची सरासरी फुकट मिळते, पण ती अशा फायलींत की प्रोग्रामिंग न येणाऱ्याला उघडतच नाही. एका विशिष्ट केंद्राची रोजची नोंद हवी तर अर्ज करा, शुल्क भरा. ज्या मोजणीचा खर्च जनतेने दीडशे वर्षे उचलला, तिच्यासाठी जनतेने पुन्हा खिशात हात घालायचा हे काही पटत नाही.

आपल्याच मंत्रालयाने २०२० साली भारतापुरता हवामान बदलाचा पहिला सविस्तर अहवाल काढला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तो सिद्ध केला. त्यात प्रामाणिकपणे लिहिले आहे की १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश वाढले, म्हणजे जगाच्या सरासरीपेक्षा कमी. कारणेही दिली आहेत; हवेतली धूळ-धुराची कणद्रव्ये ऊन अडवतात, त्यामुळे वाढीचा काही भाग झाकला जातो. मोसमी पाऊस १९५१ ते २०१५ या काळात सुमारे सहा टक्क्यांनी घटला आणि तरीही मध्य भारतात अतिमुसळधार पावसाचे प्रसंग वाढले. आमच्या शेतकऱ्याला हे कोणी सांगायलाच नको, तो म्हणतोच, ‘पाऊस तेवढाच, पण दिवस मोडले.’ पण हा अहवाल इंग्रजीत, शेकडो पानांचा. वर्ध्याच्या, यवतमाळच्या वाचनालयात तो मराठीत, साठ-सत्तर पानांत का नसावा? बहात्तरच्या दुष्काळाचे उत्तरही त्यातच देता आले असते : दुष्काळ पूर्वीही पडत, त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो (तिथले पाणी नेहमीपेक्षा तापणे, ज्याने आपला पाऊस अनेकदा घटतो) होता, तापमानवाढीचे विज्ञान दुष्काळ नव्याने जन्मले असे म्हणतच नाही.

शंका दडपली की काय होते ते आपल्या देशाने पाहिले आहे. हवामान बदलाच्या विज्ञानाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या ‘आयपीसीसी’ या समितीच्या २००७च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता वर्तवली होती. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात वरिष्ठ पदावर राहिलेल्या व्ही. के. रैना यांचा, हिमनद्या असामान्य वेगाने आटत असल्याचा पुरावा नाही असे सांगणारा निबंध नोव्हेंबर २००९मध्ये पर्यावरण मंत्रालयाने प्रसिद्ध केला, जयराम रमेश तेव्हा मंत्री होते. आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची संभावना ‘व्हूडू सायन्स’ अशी केली. मराठीत सांगायचे तर जादूटोणा! दोनच महिन्यांत, २० जानेवारी २०१० रोजी आयपीसीसीला खेद व्यक्त करून कबूल करावे लागले की २०३५ या सालाला नीट तपासलेला आधारच नव्हता.

चूक एका परिच्छेदातली, पण ती पंधरा वर्षे पुरली. आजही व्याख्यानात कोणीतरी उठतो आणि ‘हिमालयाचे काय झाले?’ म्हणून विचारतोच. मी सांगतो की तारीख चुकली होती, वितळणे चुकले नव्हते. पर्वतप्रदेशांचा अभ्यास करणाऱ्या काठमांडूच्या इसिमोड संस्थेने २०२३ साली दाखवले की २०११ ते २०२० या दशकात हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने झिजल्या. रैनांच्या निबंधातला दिलासाही त्यामुळे टिकला नाही. पण पचौरींचा तो एक शब्द विज्ञानाला फार महाग पडला, असे माझे मत आहे. शांतपणे ‘तपासून सांगतो’ म्हटले असते तर काय बिघडत होते?

खेड्यातल्या अविश्वासाचे मूळ मात्र हिमालयात नाही. ते महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाले तर अतिवृष्टी, तर पंचनामा, तर मदत. मापक मंडळाच्या गावी, ढग फुटला आठ-दहा किलोमीटरवरच्या शिवारात. सोयाबीन पाण्याखाली आणि कागदावर ४१ मिलिमीटर. अशा माणसासमोर उभे राहून ‘यंत्रे सांगतात की पृथ्वी तापते आहे’ म्हणायचे म्हणजे काय ते एकदा म्हणून बघा. त्याला कार्बनशी वैर नाही. त्याला यंत्राने एकदा फसवले आहे, एवढेच. मापक कुठे आहे, शेवटचा कधी तपासला, शेजारच्या मापकांनी त्या दिवशी काय दाखवले, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले तरी पुष्कळ काम होईल. महसूल खाते राज्याचे आहे हे मी जाणतो. पण मोजणीची शिस्त घालून देणारे खाते आपले आहे.

आणि एक गोष्ट आपल्या सहकाऱ्यांच्या कानावर घाला. शंकेखोरांना सर्वांत जास्त खाद्य सरकारी माणसेच पुरवतात. कुठेही पाणी शिरले की पहिले निवेदन ‘हवामान बदलामुळे’! २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे खरे, पण त्याच दिवशी कुलाब्याला १०० मिलिमीटरही झाला नव्हता. आणि मुंबईची जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली होती, मिठी नदी दोन्ही काठांनी आवळलेली होती. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि लोकांच्या घरात पाणी शिरले. त्या रात्रीचा पाऊस मोठाच होता, पण सांडव्यासमोरच्या स्मारकाने पाण्याची वाट अडते का, हा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला, तो काही कार्बन डायऑक्साइडने नेला नाही. लोकांना हे दिसते. प्रशासनाने स्वतःच्या निष्काळजीपणावर ‘हवामान बदल’ ही चादर ओढली की लोक चादरीलाच खोटे म्हणू लागतात.

‘गोऱ्यांचा डाव’वाल्यांना उत्तर देणे सर्वांत अवघड, कारण चंद्रपूर-कोराडीच्या पट्ट्यात कोळशावर चुली पेटतात. पण तिथेही मी दोन प्रश्न वेगळे करतो. हवेत आधी कोणी किती कार्बन सोडला आणि आता कोणी किती कमी करायचा, हे राजकारण आहे, त्यात भारताने आपली बाजू ठणकावून मांडावी. कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो का, हे जॉन टिंडल या भौतिकशास्त्रज्ञाने १८५९ साली प्रयोगशाळेत मोजले आहे. १८९६ साली स्वीडनचे शास्त्रज्ञ अऱ्हेनियस यांनी त्याचे गणित मांडले. तेव्हा कोळसा बंद पाडण्याचे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. सूर्यच तापला म्हणाल तर वातावरणाचे वरचे थरही तापायला हवे होते. ते थंड होत आहेत. एवढे फळ्यावर काढून दाखवले की बारावीच्या पोरांना कळते. त्यांच्या बापांनाही कळते, जरा वेळ लागतो.

आता मागणे. रामदासपेठेच्या सेन्सरचे नेमके काय बिघडले होते, किती दिवस बिघडले होते आणि त्या दिवसांच्या नोंदींचे पुढे काय केले, हे मराठीत लिहून प्रसिद्ध करा. माझ्यापर्यंत ‘सेन्सर बिघडला’ यापलीकडे काही पोचलेले नाही. विदर्भातल्या वेधशाळांच्या जुन्या रोजच्या नोंदी साध्या तक्त्यात, विनाशुल्क उघड्या करा. केंद्र केव्हा हलवले, उपकरण केव्हा बदलले, याच्या तारखांसकट. त्यात चुका सापडतील, सापडू द्या.

आणि नागपुरात एक खुली चर्चा ठेवा. पुण्याच्या सिमला ऑफिसातले, म्हणजे हवामान खात्याच्या तिथल्या कचेरीतले, शास्त्रज्ञ पाठवा, जनसंपर्क अधिकारी नकोत. प्रश्न आधी लिहून मागू नका. ज्यांचा तापमानवाढीवर विश्वास नाही त्यांना पहिल्या रांगेत बसवा आणि माइक त्यांच्याकडे आधी जाऊ द्या. फक्त मे महिन्यात ठेवू नका, त्या दिवसांत दुपारी इथे कुत्रेही सावली सोडत नाही. डिसेंबरात ठेवा, हिवाळी अधिवेशनासाठी निम्मे सरकार तसेही नागपुरात असते, त्यांनाही येऊन बसता येईल.

कळावे,
आपला नम्र,
नागपूरचा एक निवृत्त विज्ञान शिक्षक